तोंड गोड

"खा म्हणलं की खायचा, आन् हसायचं." मॅनेजर वीरेशनं पेढ्यांचा बॉक्स साखराबाईपुढं सरकवला. "बाहेर चॅनलवाले थांबलेत. त्यांना मंगळवारच्याच मालातला पेढा पाहिजे."

मंगळवारचा माल नेकनूरच्या एका साखरपुड्यात गेला होता. अठरा माणसं अंबाजोगाईला दवाखान्यात पडून होती, त्यात नवरी मुलगीसुद्धा.

साखराबाईनं बॉक्सला हात लावला नाही. मांजरसुंब्याजवळच्या या कारखान्यात ती अकरा वर्षं खवा आटवत होती. मंगळवारी खव्याला आंबूस वास आला, तेव्हा तिनंच वीरेश साहेबांना बोलावून हुंगायला लावला होता. "वेलदोडा वाढव," एवढं बोलून साहेब निघून गेले होते.

"मला उपास हाय," ती म्हणाली.

"पेढा उपासाला चालतो."

"मग तुमीच खा की."

"मला शुगर हाय." वीरेशनं टेबलावरचा कागद उचलला. "न्हाई खाल्लास तर हे अन्न खात्याला जाईल. भट्टीवरच्या बाईनं भांडी धुतली न्हाईत, असं लिवलंय. खाली तुझं नाव हाय. पोलीस तुझ्या दारात येतील, माझ्या न्हाई."

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच! संतापानं साखराबाईचं डोकं भणाणलं. बॉक्स उचलून ती बाहेर आली. मागोमाग वीरेश, हात जोडलेले, तोंडभर हसू. दोन मोबाइल आणि एक माईक पुढं झाले.

"ह्या आमच्या साखराबाई," वीरेशचा आवाज आता मधात बुडवून काढलेला. "माल यांच्याच हातचा आहे. त्या स्वतः खाऊन दाखवणार आहेत."

तिनं पदर सावरला. एक पेढा उचलला. अंमळ मोठाच बघून उचलला.

"आमच्यात पेढा कुणी एकट्यानं खात न्हाई," ती माईककडं बघून म्हणाली. "आधी मोठ्याचं तोंड गोड करतेत."

आणि वळून तिनं तो पेढा साहेबांच्या हसऱ्या तोंडात थेट कोंबला.

वीरेशचे गाल फुगले. डोळे गरगरा फिरले. गिळताही येईना, थुंकताही येईना.

मोबाइलवाला दोन पावलं पुढं सरकला.

"लाइव्ह चालूय साहेब. गिळा की!"