हिरवी रेघ

रेघ पुन्हा घसरली. भाचीने कपाळावर हात मारून घेतला. विजेची लहर दाखवणारा तो जुना डबा, ऑसिलोस्कोप, सुरू केला की पडद्यावर हिरवी आडवी रेघ सरळ उमटायची, आणि डबा जरा तापला की खाली घसरत दिसेनाशी व्हायची.

"मामांनी या वेळी पार पाणी पाजलं मला," ती म्हणाली.

चहा घेऊन आलेल्या मामी हसल्या. "त्यांची खोडच ती. लग्न होऊन आले, तर माझ्या इस्त्रीची वायर आतून सोडवून ठेवलेली. मला कळतंय का बघायला!"

"मग?"

"मग काय, महिनाभर स्वतःच चुरगळलेले सदरे घालून फिरले!"

मामांच्या दुरुस्तीच्या दुकानाची रीतच होती तशी. चांगल्या यंत्रात मामा गुपचूप दोष घालत आणि शिकणाऱ्याने तो हुडकायचा. भाची अशा कितीतरी परीक्षांत उतरली होती. ही शेवटची. फडताळातला डबा पुढ्यात ठेवून मामा म्हणाले होते, "यातला दोष शोध. सापडला तर माझी खुर्ची तुझी. नाही सापडला तर दुकानाला कुलूप. लोकांच्या जिवापाड जपलेल्या वस्तू कच्च्या हातात द्यायच्या नाहीत."

म्हणून ती आधी मामांचा हात शोधत बसली. मामा डायोड उलटा बसवत, एखाद्या सुट्या भागाचा तारेचा पाय कापून नळीखाली लपवत. पण ताज्या डाखाची चमक कुठेच नव्हती. सगळे डाख जुने, काळवंडलेले. किती साफ हात म्हणावा हा! हरतानाही तिला मामांचा अभिमान वाटला.

शेवटी तिने मामांना मनातून बाजूला सारलं. केस वाळवायच्या यंत्राने तिने बोर्डाचा एकेक कोपरा तापवला आणि काडेपेटीतल्या काडीने हलकेच दाबून पाहिला. एका जागी दाबताच रेघ थरथरली. भिंगाखाली पाहिलं, तर तांब्याच्या पट्टीला केसाहून बारीक चीर. तापली की फाकणारी, निवली की मिटणारी.

तिने श्वास रोखला. तारेचा एक धागा चिरेवर आडवा ठेवला, डाखाचा थेंब सोडला आणि डबा सुरू केला.

डबा तापला. चहावर साय धरली. रेघ हलली नाही.

"मामा!"

मामा आले. पडद्याकडे पाहिलं. मग भिंग लावून त्या डाखावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा डोळे भरले होते. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने खुर्ची पुसली आणि भाचीला धरून तीत बसवलं.

"आता तरी सांगा," ती लाडाने म्हणाली. "एवढी बारीक चीर, कुठे ओरखडासुद्धा न उठवता, तुम्ही पाडलीत तरी कशी?"

"मी कुठला पाडतोय, बाळा," मामा म्हणाले. "गेली कित्येक वर्षं मीच ती शोधत होतो."