दमा ओढणारा कुत्रा

बिनकेसांचा कुत्रा कुशीत घेऊन झोपलं की तो माणसाचा दमा स्वतःवर ओढून घेतो असं लोक म्हणत, म्हणून डोमितिलाने दमेकरी लेक निएवेससाठी एक आणला. कुत्रा भलता द्वाड. रोज सकाळी सुटायचा आणि निएवेस त्याच्यामागे पेरूतल्या वांचाकोच्या किनाऱ्यावर पार धक्क्यापर्यंत धावायची.

चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "छाती छान सुधारलीय. चाललंय ते थांबवू नका."

घरी कुत्रा जीभ काढून धापा टाकत होता. "घेतला गं बिचाऱ्यानं अंगावर," म्हणत डोमितिलाने त्याला अंगणात बांधून टाकलं. "आता आराम कर, बाबा." निएवेसचं धावणंही थांबलं.

दोन महिन्यांत तिची छाती पुन्हा घरघरू लागली. डोमितिलाने ठणठणीत कुत्र्याकडे रोखून पाहिलं.

"स्वतः बरा झालास आणि तिचा तिला परत केलास होय रे, मेल्या?"