वेशीच्या आत

दहा वर्षांत आमचं गाव सहाशेचं सहा हजार झालं, बालवाडी मात्र चाळीस पोरांचीच राहिली. शेवटी सरपंचांनी ठरवलं, गावाच्या हद्दीत जन्मेल त्यालाच पहिली जागा. बाळंतपणाचा दवाखाना तर वेशीबाहेर, ब्रातिस्लावा शहरात.

"बालवाडी नाही मिळाली तर माझी नोकरी गेली," माझी पोटुशी बायको ल्युबिका म्हणाली. "कळा आल्या की ॲम्ब्युलन्स बोलव. वेशीपर्यंतच्या कोंडीत रोज दीड तास जातो. तेवढ्यात होईन मी मोकळी."

एक नोव्हेंबरला सकाळी सातला आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये चढलो. "जोर लाव गं," मी विनवलं.

"तू लाव, मेल्या," ती कण्हत म्हणाली.

 

ड्रायव्हर खुशीत मागे वळला. "नशीब काढलंत, ताई. आज पितरांचा दिवस, सगळं गाव आपापल्या मूळ गावी थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गेलंय. दहा मिनिटांत ब्रातिस्लावा."