बेचाळीस नंबर

मास्तरीणबाईंचा प्रोग्राम चुकला होता. धाकटीचा स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

वीस वर्षांत बाईंच्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामांना कुणी नावं ठेवली नव्हती. ऑफिसातले निम्मे लोक त्यांच्याच हाताखाली शिकलेले. ऑफिसात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी; ती तर तीन वर्षं त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसत होती.

आजचं काम सोपं, पण जिवावर येणारं. कंपनी माणसं कमी करत होती. ज्या नोंदीपुढे ‘कमी’ असा शेरा, ती यादीतून काढायची. उरलेल्यांना नोकरी पक्की झाल्याची पत्रं आपोआप जाणार. नावं फक्त बाईंना दिसत. धाकटीला नुसते नंबर. त्यातला आपला कोणता, हा एकच विचार सकाळपासून तिच्या डोक्यात होता.

एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने चालवायचं, हा ऑफिसचा नियम. बाई चहाला उठल्या. “मी तपासलंय. तू नुसतं चालव. हात लावू नकोस.”

पण तपासल्याशिवाय चालवायचं नाही, हे बाईंनीच शिकवलेलं. तिने पत्रं न पाठवता एकदा चालवून पाहिलं. बेचाळीस नंबरपुढे ‘कमी’ असूनही नोंद शाबूत!

कारण कळायला मिनिटही लागलं नाही. रांगेतला एक काढला की मागचा सरकून त्याच्या जागी येतो. प्रोग्राम मात्र पुढच्या जागेकडे वळतो, आणि सरकलेला तपासायचा राहतो. एकेचाळीस निघाला, बेचाळीस वाचला. अगदी नवशिक्याची चूक! पहिल्याच आठवड्यात बाईंनी याच चुकीवरून तिचे कान उपटले होते.

तिने ते सगळं पुसलं आणि फिल्टरची एकच ओळ लिहिली: ‘कमी’ शेरा नसलेले तेवढे ठेव. बेचाळीस गेला. पत्रं सुटली. तिने साहेबांनाही सांगून टाकलं.

“शाब्बास! गुरूच्या वरताण निघालीस,” साहेब म्हणाले. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं.

बाई परतल्या तेव्हा तिला दम धरवेना. “बाई, तुमची चूक पकडली मी!”

बाई उभ्या-उभ्याच ती ओळ वाचत राहिल्या.

“झकास लिहिलंस,” त्या म्हणाल्या. “खरंच अभिमान वाटतो गं तुझा.”

“मग डोळ्यांत पाणी कशाला?”

“एकेचाळीस नंबर माझा होता.”

धाकटीचं हसू मावळलं. “आणि बेचाळीस?”

बाई हळूच आपल्या खुर्चीत टेकल्या.

“यादी खुर्च्यांच्या क्रमाने लावलीय, पोरी.”