नलूचा दिवा

सकाळपासून लॅपटॉप एकच सांगत होता: बोर्ड सापडत नाही. "समोर तर आहे, मेल्या!" दिगंबरराव खेकसले. बायको नलू गेल्यापासून कपाटात पडलेलं तिचं चिपवालं बोर्ड त्यांनी प्रोग्रामिंग शिकायला काढलं होतं. त्यावरचा दिवा, दोनदा भरभर आणि थांबून एकदा, लुकलुकत त्यांना वेडावत होता.

त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि लॅपटॉपला बोर्ड जोडणारी वायर दाखवली.

"बाबा, ती चार्जिंगची वायर आहे. तिच्यातून नुसती वीज जाते. आईच्या डब्यातली काळी वायर लावा, लगेच तुमचा प्रोग्राम चिपमध्ये जाईल."

"आणि आईने लिहिलेला, हा दिवा लुकलुकवणारा?"

"तो पुसला जाईल. कायमचा."

हातात घेतलेली काळी वायर त्यांनी डब्यात परत ठेवली आणि लॅपटॉप मिटला. मग चार्जिंगच्या वायरीचं टोक भिंतीवरच्या चार्जरला लावलं. दिवा लागला. दोनदा भरभर, थांबून एकदा. नलू बाहेरून आली की दाराची कडी अशीच वाजवायची.