मार्तंडरावांचं झुंबर

"टाका सैल ठेव वं पोरी. फूल कसं डुललं पाहिजे!"

कामठीच्या मावशीचा हा आवाज यमुताईंच्या कानात लहानपणापासून बसलेला. क्रोशाची सुई हाती घेतली की हटकून यायचा. आजही आला, आणि नातीच्या टोपीचा टाका त्यांनी सैल केला.

समोर सोफ्यावर नागपूरच्या सदर भागातला विहंग होता. त्याने नुकतीच घरी समुद्री माशांची, खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती, म्हणून यमुताईंच्या नवऱ्याची, मार्तंडरावांची, टाकी पाहायला आला होता.

"पाहून घे बाबू," चष्मा कपाळावर सारून मार्तंडराव म्हणाले. "लोक दगड रचतात, जसे गांधीबागेच्या बाजारातले कापडाचे गठ्ठे. मंग नजर बसंल कुठं? अर्धी टाकी रिकामी ठेवायची. एका बाजूले डोंगर. अन् निळ्या उजेडात एकच भडक रंग. मांडवात नवरी एकच असते!"

ती नवरी म्हणजे झुंबर. नारिंगी, झालरीझालरींचं पोवळं. पाणी फिरलं की लाजल्यासारखं डुलायचं. जोकर माशांचं जोडपं त्याच्या कुशीतच पडून असायचं. रिटायर झाल्यावर मुका झालेला माणूस या झुंबरापायी पुन्हा बोलता झाला होता.

"काय डुलते काका!"

"मे महिन्यात जाणारच होतं. मी भाचीच्या लग्नाले, अन् इथं दिवसभर लाइट नाही. पाणी कढत. बाकीचे पोवळे पांढरे पडले. फोनवर हिले एकच विचारलं, झुंबर कसं हाय? हे म्हणाली, ठीक हाय, तुम्ही जेवून घ्या."

यमुताईंनी मांडीवरचा लोकरीचा गुंडा जवळ ओढला.

"तेव्हापासून रूपच पालटलं. पहिले रात्री मिटायचं, आता मिटतच नाही." त्यांनी ड्रॉपरने झुंबरावर खाणं सोडलं. माशांनी ते वरच्यावर गट्ट केलं. "खाते कमी, पण तब्येत पाह्य!"

विहंग हसला. त्याचं लक्ष टोपीकडे गेलं. "काकू, नारिंगी टोपीले मधातच पांढरा पट्टा काहून?"

"लोकर पुरली नाही."

विहंग जरा घुटमळला. "काका, झुंबराचा एक तुकडा भेटंल का?"

मार्तंडरावांचा चेहरा उजळला. चांगलं पोवळं कापून वाटायचं, हा या शौकिनांचा रिवाज. तुकडा दुसऱ्याच्या घरी रुजतो, देणाऱ्याचं नाव होतं.

"मागणारा तू पहिलाच गा! यमू, कात्री आण."

"आज अमावस्या हाय."

"समुद्राले चालते अमावस्या. भरती येते!"

"आधी चहा तरी घ्या."

"घेऊ ना मंग."

"त्याले दुखंल."

"अवं, आठ दिवसांत भरते जखम. तू काहून घाबरून राहिली?"

कात्री त्यांनी स्वतःच यमुताईंच्या विणकामाच्या टोपलीतून उचलली. बाही वर केली. हात पाण्यात गेला. मासे बाजूला झाले. कात्रीचं तोंड झुंबराच्या झालरीपाशी उघडलं. लेकीची पाठवणी करणाऱ्या बापासारखे त्यांचे डोळे भरून आले होते.

यमुताईंच्या हातून सुई गळून पडली.

"अवो, कापू नका! एकाच धाग्याचं हाय ते, सारं उसवंल!"