कोपऱ्यातला अंगठा

लेकीच्या पाठवणीला द्यायची चिकटवही पूर्ण होत आली, तेव्हा कुठे वैजयंतीच्या लक्षात आलं, की पानोपानी मामा आहेत, मावश्या आहेत, शेजारचं मांजरही आहे. नवरा मात्र एकाही फोटोत नाही.

"अहो, तुम्ही होतात कुठे?"

"कॅमेऱ्यामागे. बाहेरच्याच्या हातात कॅमेरा द्यायचा नाही, असं तूच बजावायचीस!"

तिचा चेहरा पडला. बापाविना चिकटवही लेकीला द्यायची कशी?

नवऱ्याने चष्मा चढवून पानं उलटली. "हा काय मी! माथेरानला आहे, बारशालाही आहे." प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याचा जाडजूड, धुरकट अंगठा घुसलेला होता.

हसून हसून तिची पुरेवाट झाली. मग सोनेरी पेनाने तिने अंगठ्याअंगठ्याखाली लिहिलं, 'बाबा'. बालवाडीच्या पहिल्या दिवसाचा फोटो तर अख्खाच हललेला होता. तिथे लिहिलं, 'बाबा, रडताना'.